स्वयंऊर्जित इलेक्ट्रॉनिक कुलूप : राखणदार की साक्षीदार? – एक समीक्षा

सारांश : बॅटरी किंवा बाहेरील वीज न वापरता, तबकडी फिरविणाऱ्या हाताच्या श्रमातूनच वीज निर्माण करणारी आकडेजुळणीची इलेक्ट्रॉनिक कुलुपे १९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत प्रचारात आली. प्रस्तुत लेखात ‘एक्स-०७’ या कुलपाचा व त्याच्या परंपरेचा रचना, निकष आणि व्यवहार या तीन अंगांनी विचार केला आहे. हे कुलूप राखणदार म्हणून जोखण्याऐवजी साक्षीदार म्हणून जोखले तरच त्याचे गुणदोष नेमके कळतात, असे येथे प्रतिपादन केले आहे.

प्रस्तावना

कुलूप ही वस्तू आपल्या इतकी परिचयाची आहे की तिची समीक्षा करावी, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. कवितेची, नाटकाची, चित्राची समीक्षा होते. यंत्राची मात्र एक तर जाहिरात होते, नाहीतर दुरुस्ती. वास्तविक प्रत्येक यंत्रात रचनाकाराची एक भूमिका दडलेली असते. कोणता धोका मोठा मानला, कोणता गौण मानला आणि वापरणाऱ्या माणसाविषयी कोणते गृहीत धरले, हे यंत्र न बोलता सांगत असते. ती भूमिका उलगडून दाखविणे आणि तिच्या कसोटीवर यंत्राला तपासणे हे समीक्षेचेच काम आहे.

स्वयंऊर्जित इलेक्ट्रॉनिक कुलपाची निवड येथे मुद्दाम केली आहे. यंत्रशास्त्र, इलेक्ट्रॉनिकी, संख्याशास्त्र, प्रशासन आणि मानसशास्त्र या सर्वांचा संबंध या एका वस्तूत येतो. शिवाय ‘न उघडणारे कुलूप’ या लोकप्रिय कल्पनेचा पुनर्विचार करण्यास ते भाग पाडते.

यांत्रिक कुलपाची मर्यादा

जुन्या पद्धतीच्या तिजोरीवरील तबकडीच्या कुलपात सामान्यतः तीन चकत्या असतात. प्रत्येक चकतीच्या कडेला एक खाच असते. तबकडी ठरलेल्या क्रमाने उलटसुलट फिरविली की तिन्ही खाचा एका रेषेत येतात, वरची पट्टी त्यांत उतरते आणि अडसर मागे सरकविता येतो. तबकडीवर १०० आकडे असल्याने तीन आकड्यांच्या १०,००,००० जुळण्या संभवतात, असा हिशेब सांगितला जातो. हा हिशेब कागदावर बरोबर आहे, व्यवहारात नाही.

याचे प्रसिद्ध उदाहरण भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत दिले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लॉस अलामोस येथे अणुबॉम्बविषयक गोपनीय कागदपत्रे ज्या कपाटांत ठेवली जात, त्यांची कुलुपे त्यांनी अभ्यासली. आकडा नेमका जुळावाच लागतो असे नाही. दोन घरे अलीकडे किंवा पलीकडे चालतात, असे त्यांच्या लक्षात आले. म्हणजे प्रत्येक स्थानी १०० ऐवजी केवळ २० आकडे तपासले तरी पुरे. दहा लाखांच्या जागी उरल्या ८,००० जुळण्या. पुढे कपाट उघडे असताना, गप्पा मारता मारता तबकडी चाळवून शेवटचे दोन आकडे काढण्याची युक्ती त्यांनी साधली. मग पहिल्या आकड्यासाठी जास्तीत जास्त २० प्रयत्न राहिले.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. यांत्रिक कुलपाचे आतले भाग आणि बाहेरची तबकडी यांचा थेट संबंध असतो. धातूचे दोन भाग कोठे टेकतात हे बोटांना जाणवते आणि तबकडीवर वाचता येते. चकत्यांच्या आकारात कारागिरीमुळे राहिलेला केसाएवढा फरक टेकण्याच्या जागेतील फरकाच्या रूपाने बाहेर प्रकट होतो. कुशल माणूस या फरकांची नोंद ठेवून, काहीही न तोडता, कुलूप उघडू शकतो. संगणकशास्त्रज्ञ मॅट ब्लेझ यांनी २००४ साली संगणकाच्या अभ्यासकांसाठी तिजोरीफोडीवर जो दीर्घ निबंध लिहिला, त्यात हे तंत्र पद्धतशीरपणे मांडले आहे. चकत्यांची क्ष-किरणांनी छायाचित्रे घेता येऊ नयेत म्हणून धातूऐवजी प्लॅस्टिकसारख्या पदार्थाच्या चकत्या वापरण्याचा उपायही करण्यात आला. परंतु पुढे संगणकाच्या साहाय्याने तबकडी आपोआप फिरवून एकेक जुळणी तपासणारी यंत्रे शक्य झाली, तेव्हा केवळ चकत्या सुधारून भागणार नाही, हे स्पष्ट झाले.

रचनेचा विचार

या पार्श्वभूमीवर १९८९ साली अमेरिकी संघराज्य शासनाने ‘एफएफ-एल-२७४०’ हे नवे विनिर्देश काढले. त्यांना अनुसरून केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथील मास-हॅमिल्टन कंपनीने ‘एक्स-०७’ हे कुलूप तयार केले. ‘एक्स-०८’, ‘एक्स-०९’ आणि ‘एक्स-१०’ ही त्याची पुढील रूपे. ही परंपरा आज डोर्माकाबा या उद्योगसमूहाकडे आहे.

या कुलपाला बॅटरी नाही आणि भिंतीतून येणारी तारही नाही. तबकडी काही वेळा झपाट्याने डावी-उजवीकडे फिरविली की आतील लहानसे जनित्र वीज निर्माण करते. ती धारित्रात साठते आणि मायक्रोप्रोसेसर जागा होतो. तबकडीच्या माथ्यावरील छोट्या पडद्यावर आकडे दिसू लागतात. ते वरून, जवळून पाहणाऱ्यालाच वाचता यावेत अशी पडद्याची मांडणी आहे. मग जुन्या सवयीप्रमाणेच डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे असे फिरवून दोन-दोन अंकांचे तीन आकडे द्यावयाचे. आकडे बरोबर असतील तरच आतील यंत्रणा तबकडीला अडसराशी जोडून देते. काम संपले की साठलेली वीज ओसरते आणि कुलूप पुन्हा निद्रिस्त होते.

या रचनेतील सर्वांत महत्त्वाची कल्पना विजेची नसून विच्छेदाची आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पडद्यावर दिसणारा आकडा आणि तबकडीची प्रत्यक्ष स्थिती यांचा कायमचा संबंध येथे तोडून टाकला आहे. तबकडीवर आकडे कोरलेलेच नाहीत. आरंभीचा आकडा दर वेळी निराळा असतो आणि तबकडी किती वेगाने फिरविली यावरही आकड्यांची चाल अवलंबून राहते. त्यामुळे ‘अमुक अंश फिरव’ एवढाच हुकूम पाळणाऱ्या यंत्राला वाटच सापडत नाही. बोटांना जाणवेल असा आतील भागांचा स्पर्श उरलेला नाही आणि अलीकडे-पलीकडे चालण्याची सूटही नाही. फाइनमन यांनी ८,००० वर आणलेली संख्या येथे पुन्हा दहा लाखांच्या जवळ जाते.

‘स्वयंऊर्जित’ या शब्दाविषयीही थोडे बोलले पाहिजे. काटेकोरपणे पाहिल्यास हे कुलूप स्वतःची वीज स्वतः निर्माण करीत नाही. ती निर्माण करतो वापरणाऱ्याचा हात. वर्षानुवर्षे बंद असलेले कपाटही माणूस समोर उभा राहिला की जागे होते. बॅटरी संपल्यामुळे स्वतःचीच तिजोरी फोडण्याची वेळ मालकावर येत नाही. हा मोठा गुण आहे. पण जी ऊर्जा मालकाचा हात देतो, तीच ऊर्जा परक्याचा हातही देतो. हे कुलूप कोणाच्याही हाताने जागे होते. त्याच्या गुणाचे आणि दोषाचे मूळ असे एकाच ठिकाणी आहे.

निकषाची भाषा

कोणत्याही कृतीची समीक्षा करताना ती काय साधू पाहते हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. अमेरिकी शासनाने गोपनीय कागदपत्रांच्या कपाटांसाठी ठरविलेले निकष या दृष्टीने फार बोलके आहेत. तेथे प्रवेशाचे तीन प्रकार मानले आहेत : मागमूस न ठेवता केलेला चोरटा प्रवेश, सहज न दिसणारी पण तपासणीत सापडणारी खूण ठेवणारा छुपा प्रवेश आणि उघड बळजबरी. ‘वर्ग ६’ च्या कपाटाने चोरट्या प्रवेशाला २० मनुष्य-तास आणि छुप्या प्रवेशाला ३० मनुष्य-मिनिटे तोंड दिले पाहिजे. बळजबरीला मात्र किती वेळ? शून्य मिनिटे. ‘वर्ग ५’ च्या कपाटाकडूनही बळजबरीपुढे केवळ १० मिनिटांचीच अपेक्षा आहे.

प्रथमदर्शनी हे विपरीत वाटते. देशाची गुपिते ठेवावयाची आणि कपाट पहारीने फोडले तर चालेल असे म्हणावयाचे! परंतु यामागील तर्क पक्का आहे. कपाट फुटलेले दिसले की गुपित गेल्याचे कळते; सांकेतिक भाषा बदलता येते, योजना फिरविता येते, नुकसान आवरता येते. गुपित गेले आहे आणि ते गेल्याचे आपल्याला ठाऊक नाही, ही स्थिती सर्वांत घातक. बँकेच्या तिजोरीचा विचार नेमका उलट असतो. पैसा एकदा गेला की तो गेल्याचे कळून फारसा उपयोग नसतो. म्हणून तेथे हत्यारांपुढे १५ मिनिटे, ३० मिनिटे टिकण्याची कसोटी महत्त्वाची ठरते.

आपल्याकडील प्राध्यापकांना हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांची पाकिटे आपण कुलूपबंद कपाटात ठेवतो आणि त्यांवर लाखेची मोहोरही असते. लाख कोणालाही नखाने फोडता येईल. ती बळापुढे टिकावी म्हणून लावलेली नसते. पाकीट आधी उघडले गेले असेल तर ते परीक्षेपूर्वी कळावे, म्हणून ती असते. कपाट फुटले तर प्रश्नपत्रिका बदलता येते. पाकीट गुपचूप उघडून पुन्हा चिकटविले गेले तर सारी परीक्षाच खोटी ठरते. कुलूप राखणदार असते, मोहोर साक्षीदार असते.

‘एक्स-०७’ परंपरेतील कुलुपांत ही दोन्ही कामे एकत्र आली आहेत. कुलूप आजवर एकूण किती वेळा उघडले गेले आणि मागील वेळेनंतर किती प्रयत्न फसले, या दोन्ही संख्या ते स्मरणात ठेवते आणि पडद्यावर दाखविते. कपाटावर टांगलेल्या नोंदपत्रकातील उघडण्याच्या नोंदी आणि कुलपाने सांगितलेली संख्या यांत तफावत पडली, तर कोणीतरी खोटे बोलत आहे हे उघड होते. ही कल्पना अगदीच नवी मात्र नाही. इंग्लंडमध्ये जेरेमाया चब यांनी १८१८ साली एकस्व घेतलेल्या ‘डिटेक्टर’ कुलपात चुकीच्या किल्लीने प्रयत्न झाला की आतील एक पट्टी अडकून बसे आणि नंतर खऱ्या किल्लीनेही कुलूप लगेच उघडत नसे. मालकाला कळे की, कोणीतरी येऊन गेले आहे. दोन शतकांपूर्वीच्या या विचाराला येथे मोजदादीची जोड मिळाली, एवढेच.

साक्षीदाराची उलटतपासणी

हे कुलूप मुख्यतः साक्षीदार आहे असे मानले, तर त्याची कसोटीही साक्षीदाराची असली पाहिजे. ते किती काळ टिकते यापेक्षा, आपल्याला न कळता ते उघडता येते काय, हा खरा प्रश्न आहे. या प्रश्नाचे अस्वस्थ करणारे उत्तर २०१९ साली मिळाले. आयओॲक्टिव्ह या संस्थेतील संशोधक माइक डेव्हिस यांनी त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये लास व्हेगास येथील ‘डेफ कॉन’ परिषदेत या परंपरेतील कुलुपांची एक उणीव मांडली. त्यांत ‘एक्स-०८’ आणि ‘एक्स-०९’ यांचा, तसेच एटीएमसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘सेनकॉन’ या भावंडाचा समावेश होता.

उणीव अशी. मायक्रोप्रोसेसर स्मृतीत साठविलेला आकडा वाचतो तेव्हा शून्य आणि एक यांसाठी लागणाऱ्या विजेत अत्यंत सूक्ष्म फरक पडतो. बाहेरून ऑसिलोस्कोप जोडून हे चढउतार टिपले तर त्यांतून साठविलेला आकडा वाचता येतो. विजेच्या वापरावरून गुपित ओळखण्याची ही पद्धत पॉल कोकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मार्ट कार्डांच्या संदर्भात १९९० च्या दशकाच्या अखेरीसच प्रसिद्ध केली होती. २०१६ साली बॅटरीवर चालणाऱ्या एका निराळ्या कंपनीच्या तिजोरी-कुलपावरही ‘डेफ कॉन’मध्येच तिचा प्रयोग दाखविण्यात आला होता.

येथे समीक्षकाने थांबून विचार केला पाहिजे. यांत्रिक कुलपात धातूचा स्पर्श बोटांना जाणवत असे. तो संबंध तोडणे हीच या नव्या रचनेची प्रतिज्ञा होती. पण पडदा बाहेर, मेंदू आत आणि ऊर्जेचा उगम परक्याच्याही हाती अशी मांडणी असताना आत-बाहेरचा संबंध पूर्णपणे तुटणे शक्य नव्हते. तो धातूतून निघाला आणि विजेत शिरला. फाइनमन बोटांनी जे वाचीत होते, ते आता ऑसिलोस्कोप वाचू लागला. फरक इतकाच की, त्यासाठी लागणारे ज्ञान व साधने महाग झाली. विजेचा वापर मुद्दाम विस्कळीत करून ही गळती झाकता येते. परंतु हाताने निर्माण केलेल्या मोजक्या विजेवर चालणाऱ्या यंत्राला असा खर्च सहज परवडणारा नाही. काटकसर हा या कुलपाचा स्वभाव आहे आणि येथे ती महागात पडली.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. आकडा असा वाचून कुलूप उघडले तर फसलेला प्रयत्न नोंदलाच जात नाही. नोंद होते ती एका यशस्वी उघडण्याची. कुलपाची साक्ष खोटी नसते. पण ती साक्ष कोणी विचारावी लागते. नोंदपत्रक आणि पडद्यावरील संख्या रोज ताडून पाहणारा माणूस नसेल, तर हा साक्षीदार असून नसल्यासारखाच.

माणसाचे स्थान

त्यामुळे विषय शेवटी माणसावर येतो. फाइनमन यांच्या आठवणींतील तिजोऱ्या बहुतांशी कुलपाच्या दोषामुळे उघडल्याच नाहीत. एका सहकाऱ्याच्या नऊ कपाटांना एकच आकडा होता, २७-१८-२८. गणितातील ‘ई’ या स्थिरांकाचेच ते अंक. एका लष्करी अधिकाऱ्याची भक्कम तिजोरी तेथील कुलूपतज्ज्ञाने उघडली तेव्हा फाइनमन यांना वाटले, याला काहीतरी अद्भुत विद्या अवगत असावी. प्रत्यक्षात त्याने कारखान्यातून येणारे दोन ठरावीक आकडे वापरून पाहिले होते, २५-०-२५ आणि ५०-२५-५०. अधिकाऱ्याने आकडा कधी बदललाच नव्हता. पुढे फाइनमन यांनी हाच उपाय इमारतीतील इतर तिजोऱ्यांवर केला, तेव्हा सुमारे पाचांतील एक उघडली.

आता ‘एक्स’ परंपरेतील कुलुपाचा कारखान्यात ठेवलेला आकडा पाहावा. तो ५०-२५-५० हाच आहे. अमेरिकी नियमावलीनुसार कपाट वापरातून काढतानाही त्यावर हाच आकडा परत लावावयाचा असतो. यात वावगे काही नाही. नव्या मालकाला आरंभ करण्यासाठी एखादा सर्वज्ञात आकडा हवाच. परंतु जनित्र, धारित्र, मायक्रोप्रोसेसर आणि पडदा एवढी सारी प्रगती होऊनही या मोठ्या इमारतीचा पाया फाइनमन यांच्या काळातल्याच एका कृतीवर उभा आहे. माणसाने आकडा बदलण्याचे कष्ट घेतले पाहिजेत. लॉस अलामोसमध्ये ज्या दुर्लक्षाने तिजोरी उघडी राहिली, ते दुर्लक्ष कोणतेही जनित्र दूर करू शकत नाही.

या दुर्बलतेवर एक रचनात्मक उत्तर शोधण्याचा प्रयत्न मात्र झाला आहे. एटीएमसाठीच्या एकवार-संकेताच्या कुलपात कर्मचाऱ्याला कायमचा आकडा दिलाच जात नाही. केंद्राकडून मिळालेला आकडा एकदाच चालतो आणि कुलूप बंद केल्यावर मिळणारा दुसरा आकडा त्याने केंद्राला कळवावयाचा असतो. गुपित माणसाच्या स्मरणात न ठेवता व्यवहारात ठेवण्याची ही युक्ती आहे. आपल्याकडेही भारतीय रिझर्व्ह बँकेने १४ जून २०१९ च्या परिपत्रकाद्वारे एटीएममध्ये रोकड भरताना एकवार-संकेताची डिजिटल कुलुपेच वापरावीत असे बँकांना सांगितले. डेव्हिस यांचे प्रात्यक्षिक त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच झाले. याचा अर्थ रिझर्व्ह बँकेचा निर्णय चुकला असा मुळीच नाही. नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याला ठाऊक असलेला आकडा हा ऑसिलोस्कोपपेक्षा कितीतरी नेहमीचा धोका आहे. अर्थ इतकाच की, एक दार बंद करताना दुसरे कोठे आहे हे पाहत राहावे लागते.

प्रकटीकरणाचा प्रश्न

अशी उणीव जगासमोर मांडावी की नाही, हा वादही जुनाच आहे. १८५१ साली लंडनच्या भव्य प्रदर्शनाच्या वेळी अमेरिकी कुलूपतज्ज्ञ ए. सी. हॉब्ज यांनी चब यांचे कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडले. अजिंक्य समजले जाणारे ब्रामा यांचे कुलूप उघडण्यास त्यांना १६ दिवसांत विभागलेले ५१ तास लागले. चोरांना शिकविल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. ब्लेझ यांच्या लेखनावरही कुलूप व्यावसायिकांनी तोच आक्षेप घेतला. दोन्ही वेळी उत्तर सारखेच होते. चोरांना हे आधीच ठाऊक असते. अज्ञान राहते ते केवळ मालकाचे. ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ साली लष्करी सांकेतिक भाषेविषयी मांडलेले तत्त्व येथेही लागू पडते : रचना शत्रूला माहीत झाली तरी चालली पाहिजे; गुप्त राहावी ती केवळ किल्ली.

ज्याला आपले कुलूप किती काळ टिकते हे सांगितले गेले आहे, तोच पहाऱ्याच्या फेऱ्या ठरवू शकतो. ‘२० मनुष्य-तास’ हा आकडा म्हणूनच प्रामाणिक आहे. ‘अभेद्य’ हा शब्द नाही. मात्र जुन्या कसोटीवर दिलेले प्रमाणपत्र नव्या हत्याराविषयी काहीच सांगत नाही, हे २०१९ च्या घटनेने दाखवून दिले. निकष प्रामाणिक असला तरी तो पुनःपुन्हा तपासला गेला पाहिजे.

निष्कर्ष

स्वयंऊर्जित इलेक्ट्रॉनिक कुलूप ही विसाव्या शतकाच्या अखेरची एक श्रेष्ठ यांत्रिक कृती आहे. बॅटरीवाचून चालणे, आकडा आणि तबकडी यांचा विच्छेद आणि प्रयत्नांची नोंद ही तिची तीन बलस्थाने आहेत. विजेच्या मार्गाने होणारी गळती, नोंद पाहणाऱ्यावरील अवलंबन आणि आरंभीचा सर्वज्ञात आकडा या तिच्या तीन मर्यादा आहेत. यांपैकी पहिली रचनाकारांनी सुधारावयाची आहे. उरलेल्या दोन वापरणाऱ्यांच्या हाती आहेत.

आपल्या महाविद्यालयांत परीक्षा विभागासाठी, अभिलेख-कक्षासाठी अशी उपकरणे खरेदी करण्याचे प्रस्ताव येतात. तेव्हा दरपत्रकाबरोबर चार साधे प्रश्न विचारले जावेत. हे उपकरण कोणत्या प्रकारच्या प्रवेशाला किती वेळ तोंड देते? कोणी येऊन गेल्याची खूण ते ठेवते काय? ती खूण रोज कोण पाहणार आहे? आणि आरंभीचा आकडा कोणी, कोणत्या दिवशी बदलला? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे विक्रेत्याजवळ नसतात. ती आपल्यालाच द्यावी लागतात, आणि ती देता येत नसतील तर साध्या किल्लीचे कुलूप आणि लाखेची मोहोर अधिक विश्वासार्ह ठरते.